निघण्याची वेळ

लास क्रूसेस. कोर्टरूम तीन. एसीची घरघर.
मी मध्ये बसते, जिथे दुसरं कुणी बसत नाही.
एका कानाशी वकील, दुसऱ्या कानाशी एउलालिया बार्रासा,
मिरची वाळवायच्या कारखान्यात रात्रपाळी करणारी,
नखांच्या कडा अजून लाल.

वकील विचारतो, आवाज अगदी साधा,
जणू पत्ताच विचारतोय:
"यू लेफ्ट द बॉय दॅट नाइट?"

लेफ्ट. लीव्हचा भूतकाळ.
इंग्रजीत हा शब्द दहा घरी जेवतो.
गाडी स्टेशनाला लीव्ह करते, गिऱ्हाईक टेबलावर टीप,
नवरा बायकोला, वाइन कपड्यावर डाग,
मेलेला काका पुतण्याला जमीन.
कुणी त्याला अडवत नाही.

माझ्याकडे चार सेकंद.
आबांदोनार म्हटलं, तर तिनं पोराला वाऱ्यावर सोडलं.
सालिर म्हटलं, तर ती नुसती घराबाहेर पडली,
पोर वाक्यातून गळून गेलं.
एन्कार्गार म्हटलं, तर शेजारणीवर सोपवलं,
आणि ते तिनं अजून सांगितलेलंच नाही,
माझ्या तोंडून जाता कामा नये.
उरतं देहार:
ठेवणं, सोडणं, टाकणं, होऊ देणं,
एकाच पोत्यात बटाटे नि दगड.

हात वर करून म्हणता येतं,
"दुभाषी खुलासा मागते."
मागितला.
वकील हसला, "शब्द साधा आहे, मॅडम."
न्यायाधीशबाईंनी चष्म्यावरून पाहिलं,
"साधंच भाषांतर करा."

साधं.

आमच्या घरी या क्रियापदाला बंदी होती.
एल पासोला जुने टायर आणायला गेलेले बाबा
एकोणीस वर्षं बाहेर गेलेले होते.
"सालियो," आई सांगायची बिलवाल्याला, पाद्रीला, माझ्या मास्तरांना.
बाहेर गेलेत. जसं कुणी कोपऱ्यावर दूध आणायला जातं.
दारातले त्यांचे बूट ती हलवायची नाही,
भोवतीनं झाडून घ्यायची.
पुढं मी दुभाषाची परीक्षा दिली,
त्यात सालिरपुढं आणखी तीन अर्थ लिहायचे होते.
जागा कोरी ठेवली. दोन गुण गेले.

तर मी म्हटलं, "लो देहो?"
आवाजाला चढ नाही, उतार नाही,
भरलेला पेला ट्रेमधून नेताना चालावं, तशी.

एउलालियानं माझ्याकडे पाहिलं, वकिलाकडे नाही.
नियमात बसत नाही. सगळेच करतात.
मग तेच क्रियापद तिनं उचललं,
पडलेलं भांडं न बोलता उचलून फळीवर ठेवावं तसं,
"देहे ला लूस प्रेंदिदा."

आता उलटी वाट. प्रथमपुरुषी, नियमाप्रमाणे,
जणू मीच ती:
"आय लेफ्ट द लाइट ऑन."
दिवा चालू ठेवला होता मी.

टंकलेखिकेची बोटं हलली.
वरच्या ओळीत लेफ्ट, खालच्या ओळीत लेफ्ट,
इंग्रजीतली तीच चार अक्षरं,
एकात पोर, एकात दिवा.
कुणीच वर पाहिलं नाही.
वकिलानं कागद पालटला.
पुढचा प्रश्न शाळेच्या हजेरीबद्दल होता.

निकाल आम्हाला कळवत नाहीत.
विचारायचाही नसतो.
तळमजल्यावर फॉर्म भरायचा, मायलेज, पार्किंग,
आणि शेवटी एक रकाना: टाइम लेफ्ट.
म्हणजे कितीला निघालात.
की किती उरलाय?
सहा वर्षं भरतेय मी हा फॉर्म,
पेन आजच थांबलं.
खिडकीतली बाई म्हणाली, "अंदाजे लिहा हो, कुणी बघत नाही."

अकरा चाळीस, मी लिहिलं.